भोंगीचा खुराक

जयमालाने महेंद्रला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो अंड्याच्या टरफलांनी भरलेली पिशवी छातीशी धरून गव्हाच्या रांगेत उभा होता.

प्रेमकथेला याहून बरी सुरुवात मिळाली असती. पाऊस, दोघांत एक छत्री, असं काहीतरी. पण नागापूरला मार्चमध्ये पाऊस पडत नाही. तिथे पडतं ते पीठ. एमआयडीसीच्या कोपऱ्यावर रंभाजींची गिरणी होती आणि तिच्या दारातून दिवसभर असा बारीक धुरळा बाहेर येत असे, की समोरच्या कडुलिंबाचे केस अकाली पिकले होते. रंभाजींचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून गिरणी त्यांची मुलगी चालवत होती. जयमाला बी.कॉम. होती. नाकाडोक्याला ओढणी गुंडाळून ती मशीनपाशी उभी राही, तेव्हा तिचे फक्त डोळे दिसत. डोळे, आणि त्यांच्यावरच्या पांढऱ्या पापण्या.

"काय दळायचंय?" तिने विचारलं.

"टरफलं."

"शेंगांची?"

"अंड्यांची."

मशीनचा पट्टा फिरत होता, पण रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. महेंद्रच्या मागे उभ्या असलेल्या झुंबरबाईंनी आपला डबा पदराखाली घेतला.

यात झुंबरबाईंचा दोष नव्हता. माणसांनी एकमेकांशेजारी उभं राहायला आता फारशी कुणाची हरकत नसते, पण धान्यांचं तसं नाही. धान्यं फार सोवळी असतात. गव्हावर गहूच दळायचा, ज्वारीवर ज्वारी. आधीच्या दळणातलं मूठभर पीठ दगडांत अडकून राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून डबा खाली ठेवण्याआधी प्रत्येक बाई विचारते, "कशावर?" बाजरीवर गहू पडला तर पोळी काळपट होते, आणि उपासाची भगर ज्वारीवर पडली तर सगळा उपासच मोडतो. रंभाजींनी हा क्रम वर्षानुवर्षं सांभाळला होता. पण अंड्याच्या टरफलांवर काय दळायचं, याचा विचार त्यांनीही केलेला नव्हता.

"धुतलेली आहेत," महेंद्र म्हणाला. "मग उकळली. मग गच्चीवर वाळवली. वास घेऊन बघा हवं तर."

"एवढी निगा तर लोक नवरदेवाचीही राखत नाहीत," जयमाला म्हणाली. "कोणासाठी आहेत?"

"भोंगीसाठी. बाळंतीण आहे. फार अशक्त झालीय."

झुंबरबाईंना राहवलं नाही. "आग बाई... बाळंतिनीला टरफलं? सासू कोन हाय म्हनायची ती?"

"सासू नाहीये तिला. म्हणजे..." महेंद्र लाल झाला. "भोंगी कुत्री आहे आमची."

पांढऱ्या पापण्या दोनदा मिटल्या आणि उघडल्या. ओढणीच्या आत ती हसत होती की नाही, हे महेंद्रला कळेना. तो गिअर बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होता. दिसत नाही ते मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही ते त्याला अस्वस्थ करी.

"सगळ्यांत शेवटी या," ती म्हणाली. "गिरणी बंद करायच्या वेळेला."

"आन उद्या सकाळी त्या टरफलांवर पयला डबा कुनाचा पडनार?" झुंबरबाईंनी रांगेच्या वतीने विचारलं.

"आमच्या घरचा," जयमाला म्हणाली.

त्या क्षणी हे वाक्य किती शूर होतं, ते फक्त गिरणीवाल्यांनाच कळेल.

*

भोंगीचं नाव भोंगी का, हे नागापुरात कुणाला सांगावं लागत नसे. कंपनीचा भोंगा दिवसातून तीनदा होई आणि तिन्ही वेळा गेटबाहेरची ती तांबूस कुत्री मान वर करून त्याच्या सुरात सूर मिळवी. भोंगा थांबला तरी ती थोडा वेळ पुढे गात राही. सेकंड शिफ्टची माणसं तिच्यावर घड्याळं लावत. सोनईहून नोकरीसाठी आलेला महेंद्र पहिलं वर्षभर एकटाच होता. गेटपासून खोलीपर्यंत त्याला रोज सोबत करणारं त्या वसाहतीत दुसरं कोणी नव्हतं. पुढे त्याची आई भागिरथी राहायला आली. तिने आल्या दिवशी भोंगीला हाकललं आणि आठवड्याने तिच्यासाठी वेगळी भाकरी टाकायला सुरुवात केली.

आता भोंगीला सहा पिल्लं झाली होती आणि तिच्या अंगात त्राण नव्हतं. उभी राहिली की पाय थरथरत. भोंगा झाला की कान हलवी, मान उचलू बघे आणि पुन्हा पंजांवर ठेवून देई. महेंद्रला ते बघवत नसे. शिफ्ट सुटायच्या वेळेला तो कानात बोटं घालायचा.

डॉक्टर गोरक्षनाथ म्हणजे सरकारी दवाखान्यातले गुरांचे डॉक्टर. त्यांनी आधी इंजेक्शन दिलं, मग समजावलं. "पिल्लांनी हिच्या हाडांतलं सगळं ओढून घेतलंय. धोका टळला, पण आता खुराक पाहिजे. अंड्याच्या टरफलांची पावडर कर. शेवग्याचा पाला सावलीत वाळव. भाजलेलं जवस, लाल भोपळ्याच्या बिया. सगळं दळून दूधभाकरीत रोज एक घमेलं..." ते भोंगीकडे बघून थांबले. "एक चिमूट. माफ कर, दिवसभर जर्सी गाई असतात. आणि पावडर एकदम बारीक हवी, टाल्कमसारखी. नाहीतर आतडी टोचतील. कांदा-लसूण नको, मनुका तर चुकूनही नको."

भागिरथीने मिक्सर द्यायला साफ नकार दिला. टरफलांनी भांडं खरवडतं, हे तिचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं. म्हणून महेंद्र गिरणीच्या रांगेत आला होता.

*

संध्याकाळी शेवटचा डबा गेल्यावर जयमालाने टरफलं मशीनच्या तोंडात ओतली. असा आवाज झाला की कडुलिंबावरच्या चिमण्या उडाल्या. मग खालच्या कापडी नळीतून पांढरीशुभ्र पावडर उतरली. महेंद्रने चिमूटभर घेतली, अंगठा आणि बोटाच्या मध्ये फिरवली, डोळे मिटले.

"रफ आहे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"रफ. खरबरीत. साठ मायक्रॉनच्या आत यायला हवं, हे शंभरच्या वर आहे."

जयमालाने ओढणी नाकावरून खाली ओढली. तिला बोलायचं होतं आणि ते ओढणीतून बोलण्यासारखं नव्हतं. "माझ्या अप्पांची गिरणी आहे ही. सोनईपासून लोक इथे पुरणाचं दळायला येतात. आजवर कुणी रफ म्हटलेलं नाही."

"पुरण कुणाच्या आतड्यांना टोचत नाही," महेंद्र नम्रपणे म्हणाला. आणि मग त्याने तिचा चेहरा पाहिला. ओढणीच्या रेषेपर्यंत पांढरा, रेषेखाली गहूवर्णी, आणि हनुवटीवर एक बारीकसा तीळ... तो पुढचं वाक्य विसरला.

ती आत गेली. हातोडी आणि टाकी, म्हणजे दगडाची छिन्नी, घेऊन आली. मशीन उघडून तिने वरचा दगड कलता केला आणि त्याच्या झिजलेल्या खाचांवर टाकी धरून ठोके घालायला लागली. दगडाला टाकी लावणं हे अर्ध्या दिवसाचं काम. ते रंभाजी महिन्यातून एकदा करत, आणि त्या दिवशी घरात कोणी त्यांच्याशी बोलत नसे.

"बॅटरी धरा," ती म्हणाली. "आणि तोंड मिटा, पीठ जाईल."

त्याने बॅटरी धरली. ठक्, ठक्, ठक्. प्रत्येक ठोक्याला तिच्या पापणीवरचं थोडं पीठ खाली पडत होतं. एकदा तिने मनगटाने कपाळ पुसलं आणि तिथे एक गव्हाळ पट्टा उमटला. महेंद्रला आयुष्यात प्रथमच एखादी गोष्ट मोजावीशी वाटली नाही.

"बॅटरी दगडावर धरा," ती खाली बघत म्हणाली. "माझ्यावर नाही."

पावडर दुसऱ्यांदा दळली. त्याने पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा डोळे मिटले.

"आता?"

"आता... आता ओके आहे."

"ओके? फक्त ओके?"

"आमच्याकडे ओकेच्या वरचा शिक्का नसतो," तो म्हणाला आणि डबा घेऊन निघाला. घरी पोचला तेव्हा भागिरथीने दार उघडलं, मुलाच्या केसांतलं, भुवयांवरचं, कॉलरवरचं पीठ पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"एका डब्याला येवढं पीठ लागतंय व्हय रे अंगाला? आत जाऊन बसला हुतास का मशिनीत?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाजींनी भाकरीचा पहिला घास तोंडात घेतला आणि चघळता चघळता थांबले. "आज कशावर दळली गं?"

"कुत्रीच्या टॉनिकवर," जयमाला म्हणाली.

रंभाजी हसले आणि दुसरी भाकरी मागितली. पोरीची थट्टा त्यांना नेहमीच आवडत असे.

मग हे सुरूच झालं. महेंद्र कधी शेवग्याचा वाळका पाला आणे, कधी जवस, कधी भोपळ्याच्या बिया. तो नेहमी शेवटी येई आणि दिवसेंदिवस जरा जास्तच आधी येऊन शेवटच्या नंबरासाठी उभा राही. मागून कोणी आलं की म्हणे, "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही." वसाहतीत त्याच्याइतका सभ्य माणूस नाही, असं झुंबरबाई सगळीकडे सांगू लागल्या.

"जवस भाजलंय का नीट?" जयमाला विचारी.

"तडतडेपर्यंत."

"कच्चं राहिलं तर दगडाला चिकटतं. मग मला रात्रीचा दगड धुवावा लागतो आणि तुमच्या नावाने बोटं मोडावी लागतात."

"मोडता का?"

"अजून वेळ नाही आली." ती पालथ्या हाताने नाक पुसत म्हणे. "कशी आहे बाळंतीण?"

मग तो सांगे. आज भोंगी पाण्यापर्यंत चालत गेली. आज तिने शेपूट हलवली, आणि ती थरथर नव्हती, हलवणंच होतं. डोळ्यांचा पिवळसरपणा गेलाय, केस पुन्हा येऊ लागलेत. तो बोलायला लागला की त्याचा तो सगळा मोजून-मापून आणलेला चेहरा उजळून निघे. जयमाला मशीनचा वेग कमी करी. आवाजात त्याचं बोलणं हरवू नये म्हणून, हे तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

आणि मग एका दुपारी, भर रांगेत, तो आला. शर्ट चुरगळलेला, डोळे तांबारलेले.

"भोंगीला जुलाब होतायत," तो म्हणाला. "उलट्यापण. सकाळपासून उठली नाही. परवाची पावडर... ती कशावर दळली होती?"

गिरणीतला प्रत्येक डबा ऐकत होता. हा प्रश्न दळणाच्या आधी विचारला तर ती चौकशी असते. दळणानंतर विचारला तर तो आरोप असतो. रंभाजींच्या गिरणीत तो आजवर कुणी केला नव्हता.

"दगड धुऊन दळली होती," जयमाला शांतपणे म्हणाली. "कोरड्या फडक्याने पुसून."

"पण काहीतरी मिसळलं असणार. मी मोजून देतो, मी दुसरं काहीच..."

"तुम्ही मोजून देता, आणि मी मिसळते. असंच ना?"

जयमालाने मशीन बंद केलं, ओढणी सोडली आणि खुंटीवरची लुनाची किल्ली घेतली. "झुंबरमावशी, लक्ष ठेवा." महेंद्रला मागे बस असं ती म्हणाली नाही. तो पळत मागून आला.

*

भागिरथी दारातच होती. जयमालाने तिला नमस्कार केला आणि सरळ पडवीत जाऊन भोंगीपाशी उकिडवी बसली. भोंगीने एक डोळा उघडला. सहा पिल्लं तिच्या पोटाशी लुचत होती. जयमालाने तिच्या मिशांवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि मागे वळून पाहिलं.

"मावशी, तुमच्याकडे डिंक कुठून आणता? फार चांगला आहे वासाला."

भागिरथीने पदर सारखा केला. मग पुन्हा केला. "सोनईचा हाय," ती शेवटी म्हणाली.

"आई," महेंद्र म्हणाला.

"आरं सा लेकरांची आई ती. आमच्यात बाळंतिनीला चिमूटभर पावडर देऊन वाटंला लावत न्हाईत. डिंक घातला, खारीक घातली, वाटीभर तूप घातलं. दोन लाडू दिले फकस्त." ती थोडी थांबली. "रोज."

डॉक्टर गोरक्षनाथ आले, त्यांनी औषध पाजलं आणि मनुका घातल्या होत्या का, एवढंच विचारलं. मनुका घरात संपल्या होत्या. "मग नशीब," ते म्हणाले. "त्या असत्या तर मी आज वेगळ्या तोंडाने बोललो असतो. आई, हिचं पोट माणसाचं नाही. चिमूट म्हणजे चिमूटच." भागिरथी पदराने डोळे पुसत भोंगीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, आणि भोंगीने, सगळं तूप पचवू न शकलेल्या भोंगीने, तो हात चाटला.

जयमाला कधीच निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी महेंद्र रांगेत उभा राहिला. हातात डबा नव्हता. त्याने कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. नंबर आला.

"काय दळायचंय?" ओढणीतून आवाज आला.

"काही नाही. माफी मागायची होती."

"त्यासाठी रांगेत उभे राहिलात?"

"मध्ये घुसलो असतो तर लोक ओरडले असते."

मागे कोणीतरी खुसखुसलं. जयमालाने पट्ट्याकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, छपराकडे बघितलं. "कशी आहे?"

"उठली. चालली. आईने लाडवांचा डबा स्वतःहून शेजारी देऊन टाकला." तो एक पाऊल पुढे सरकला. "अजून ओरडत मात्र नाही. ती ज्या दिवशी भोंग्याबरोबर पुन्हा ओरडेल ना... त्या दिवशी मला तुम्हाला एक विचारायचंय."

"आत्ता विचारा की."

"नाही. आधी ती बरी व्हायला हवी. अर्धवट जॉबवर मी सही करत नाही."

*

भोंगी बरी होत गेली. चिमूट चिमूट पावडर तिच्या अंगात उतरत होती. केस चकचकीत झाले, पाय रोवून उभी राहू लागली, एकदा तर तिने पोस्टमनला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवलं. ती संध्याकाळी महेंद्रबरोबर गिरणीपर्यंत चालत येऊ लागली, पिल्लं मागे लोळत. जयमाला तिच्यासाठी बाहेर पाण्याचं घमेलं भरून ठेवी आणि तिच्या कानात काहीतरी सांगे. काय, ते भोंगीने कुणाला सांगितलं नाही.

आता ती कधीही ओरडली असती. आणि नेमका त्याच आठवड्यात कंपनीचा भोंगा जळाला.

मोटर जळाली होती आणि सुटा भाग पुण्याहून यायचा होता. तोवर गेटवरचा वॉचमन रेल्वेच्या रुळाचा तुकडा बडवी. भोंगीने त्या आवाजाकडे पाहिलंसुद्धा नाही. गाण्याच्या बाबतीत ती पहिल्यापासून चोखंदळ होती.

"भोंगा जळालाय," महेंद्रने शनिवारी संध्याकाळी येऊन सांगितलं. भोंगी त्याच्या पायाशी बसली होती.

"माहीत आहे मला. सगळ्या नागापूरला माहीत आहे."

"मेंटेनन्सवाले म्हणतात, पुढच्या महिन्यात येईल पार्ट."

जयमालाने हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही पार्टची वाट बघणार."

"विचार तर तसाच होता..."

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली. "उद्या पुणतांब्याहून पाहुणे येणार आहेत. मुलगा साखर कारखान्यात आहे."

"दळायला?"

जयमालाने त्याच्याकडे असं पाहिलं, की मागच्या दोन बायकांनी आपापले डबे सावरले. "एवढ्या लांबून कोणी दळायला येतं का?"

महेंद्रच्या डोक्यात ते हळूहळू उतरलं, दगडातून पीठ उतरतं तसं. चेहरा पडला. ओठ उघडले. त्याने एकदा कंपनीच्या दिशेला बघितलं, जिथे भोंगा गप्प होता, आणि एकदा भोंगीकडे, जी त्याहून गप्प होती.

"मी... मी मेंटेनन्सला आजच सांगून बघतो," तो म्हणाला.

जयमाला वळली आणि गिरणीच्या मागच्या शेडमध्ये गेली.

त्या शेडमध्ये रंभाजींचं जुनं डिझेल इंजिन होतं. गिरणी विजेवर येण्याआधी सगळं दळण त्याच्यावर होई, आणि गिरणी सुरू झाल्याचं गावाला कळावं म्हणून त्याच्या धुराड्यावर पत्र्याचा डबा बसवलेला होता. रंभाजींनी ते मोडीत काढलं नव्हतं. वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला, तेल घालून, हार घालून, थोडा वेळ चालवत. जयमालाने हँडल दोन्ही हातांनी धरलं. ओढणी खांद्यावरून पडली. एक फेरा. दोन फेरे. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. तिने दात आवळले, पाय रोवले, पुन्हा हँडल फिरवलं, जोरात, आणखी जोरात...

कुक्. कुक् कुक् कुक् कुक्.

कडुलिंब हादरला. धुराड्यावरचा डबा शिट्टी मारावी तसा वाजू लागला, उंच, लांब, नागापूर ओलांडून जाणारा. भोंगीचे कान ताठ झाले. ती उठली. पुढचे पाय रोवले, मान मागे टाकली, डोळे मिटले.

आणि मग ती गायली. एवढे दिवस पोटात साठवलेलं सगळं बाहेर आलं. पिल्लं घाबरून महेंद्रच्या पायांत शिरली, मग त्यांनीही आपापले बारीक आवाज लावून पाहिले. रस्त्यावरच्या सायकली थांबल्या. सेकंड शिफ्टच्या दोघांनी सवयीने घड्याळं लावली. महेंद्र मध्यभागी उभा होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या पाण्याने गालांवरच्या पिठाची चक्क कणीक मळली जात होती.

जयमाला शेडच्या दारात आली. धापा टाकत. हात काळे, कपाळ पांढरं.

"ओरडली," ती म्हणाली. "विचारा."

तेवढ्यात घरातून रंभाजी गुडघे धरत बाहेर आले. "लाईट तर हाय की. इंजिन कुनी चालू केलं?"

"मी," जयमाला म्हणाली.

"कशापायी?"

"ह्यांना एक विचारायचंय."

रंभाजींनी मुलीकडे पाहिलं. मग त्या पोराकडे, कुत्रीकडे, पिल्लांकडे. महेंद्रने हात जोडले. "जयभीम, मामा."

"जयभीम. इचारलं का मग?"

"विचारतोय."

"आधी इंजिन बंद कर गं, डिझेल जळतंय."

जयमालाने इंजिन बंद केलं. आणि अशी शांतता झाली, की डब्यात पडणारं पीठसुद्धा ऐकू यावं. झुंबरबाई एक पाऊल पुढे आल्या. त्या पिठाळ शांततेत, सगळ्या रांगेसमोर, मुलीच्या बापासमोर आणि सहा पिल्लांच्या आईसमोर, महेंद्रला बोलायचं होतं. त्याने बोटं एकमेकांवर घासली, जणू शब्द किती बारीक आहेत ते बघत होता.

"माझं आणि तुमचं दळण," तो म्हणाला, "इथून पुढे... एकाच डब्यात आणलं तर चालेल का?"

जयमालाने ओढणी उचलून नाकावर ओढली. पण यावेळी ती हसतेय हे त्याला स्वच्छ दिसलं. ते डोळ्यांत मावत नव्हतं.

"चालेल," ती म्हणाली. "पण दळण बारीक आहे की रफ, हे मी ठरवणार."

"ओके," तो म्हणाला. आणि मग, घाईघाईने, "ओकेच्या वर. बरंच वर."

ती वडिलांकडे वळली. "अप्पा... ते तुमच्या भाकरीचं..."

"गिरनीवाल्याला सांगतीस व्हय?" रंभाजी म्हणाले. "पयल्या दिवशीच कळलं मला. दातात कचकच आली. बाप हाय, पर दात माझेच हाईत. म्हनलं, बघू पोरगी कवा सांगतीय ते. आदल्या राती टाकीचे ठोके ऐकलेच हुते, आन दुसऱ्या दिवसापासनं पीठ बी लई बारीक यायला लागलं. तवा कळलं, पोरानं टाकी लावायला लावली." त्यांनी महेंद्रला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझ्या गिरनीला नावं ठेवनारा पयला मानूस तू."

"रफ होतं, मामा," महेंद्र खाली मान घालून म्हणाला.

"हुतंच," रंभाजी म्हणाले. "माझे गुडघे टाकी लावू देईनात, आन पोरीला सांगायला जीभ उचलंना." ते क्षणभर भोंगीकडे बघत राहिले. "पुनतांब्याच्या लोकास्नी येऊ द्या उद्या. समद्यांना जेवायला घालू. आन जाताना त्या पोराला एक पिल्लू देऊ. मोकळ्या हातानं कशाला धाडायचं?"

पुणतांब्याचा मुलगा खरोखरच भला निघाला. जवसाची चटणी त्याला फार आवडली. पिल्लू त्याने शर्टाच्या आत घालून नेलं, आणि वर खुराकाचा एक डबा. चिमूट म्हणजे चिमूटच, हे भागिरथीने त्याला स्वतः बजावून सांगितलं.

सोमवारी सकाळी गिरणीत पहिला डबा पडला तो मोठा होता, दोन घरांचा गहू एकत्र असलेला. झुंबरबाई दुसऱ्या नंबरवर उभ्या होत्या. डबा अजून पदराखालीच होता.

"कशावर गं?" त्यांनी विचारलं.

"लग्नाच्या गव्हावर, मावशी," जयमाला म्हणाली.

झुंबरबाईंनी क्षणभर विचार केला, पदर बाजूला सारला आणि डबा पुढे केला.